२,१४,७४,८३,६४७: यूट्यूबचा काउंटर अडवणारा हा आकडा आहे तरी काय?

'गंगनम स्टाईल' हे गाणं आठवतंय? डिसेंबर २०१४ मध्ये त्याचे व्ह्यूज इतके वाढले, की यूट्यूबला आपला काउंटरच मोठा करावा लागला, अशी बातमी जगभर झाली. जुन्या काउंटरची मर्यादा होती २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७.

कम्प्युटर फक्त ० आणि १ ओळखतो. अनेक प्रोग्रॅममध्ये एका संख्येसाठी अशा ३२ जागा, म्हणजे ३२ बिट असतात. त्यातला एक बिट अधिक-उणे दाखवायला जातो. उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच: २ चा ३१ वा घात, वजा १.

गणितात मात्र ती कम्प्युटर येण्याच्या खूप आधीपासून प्रसिद्ध आहे, कारण ती मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. लेओनहार्ड ऑयलर यांनी हे १७७२ मध्ये जाहीर केलं. सरळ पद्धतीने गेलं असतं तर ४६,३४० पर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं, तेही हाताने! ऑयलर यांनी आधी दाखवलं, की हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. या एका अटीने तपासायच्या मूळ संख्या शंभराहूनही कमी झाल्या.

पुढे कित्येक दशकं हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. (१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी थेट ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली.)

मग मूळ संख्या आहे म्हणून ती कम्प्युटरची मर्यादा झाली का? अजिबात नाही, हा निव्वळ योगायोग. १६ बिटची मर्यादा ३२,७६७ ही ७ × ३१ × १५१ आहे. ६४ बिटची १९ अंकी मर्यादासुद्धा ७ ने भागली जाते.

आता आपल्या कामाचा मुद्दा. अनेक सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. ३२ बिटमध्ये हे सेकंद भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतील. पुढच्याच सेकंदाला आकडा उणे होईल आणि घड्याळ थेट डिसेंबर १९०१ दाखवेल. नव्या फोन-लॅपटॉपमध्ये बहुतेक ठिकाणी ६४ बिट आल्याने तिथे फारशी काळजी नाही. खरी अडचण आहे ती कारखान्यांतली यंत्रं, जुने राउटर अशा वर्षानुवर्षं अपडेट न होणाऱ्या उपकरणांची. आणि त्यासाठी २०३८ उजाडायची गरजही नाही: आज २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तर हप्त्यांच्या तारखा आत्ताच त्या दिवसापलीकडे जातात.