आकड्यांचा अर्थ सांगणारी बाजारपेठ मोजक्या हातांत

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात हंगामात रोज चार आकडे नोंदले जातात. आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर असे आकडे कोणालाही पाहता येतात. पण गेल्या पाच वर्षांत कोणत्या पंधरवड्यात दर चढले, वसमत आणि हिंगोली येथील भावांत तफावत केव्हा पडते, याचे उत्तर एका दिवसाच्या नोंदीत सापडत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. हे काम करणाऱ्या संगणक प्रणालींना ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे म्हणतात.

ही संज्ञा जुनी आहे. आयबीएमचे संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये ती आपल्या निबंधात वापरली. १९८९ नंतर हॉवर्ड ड्रेस्नर यांच्यामुळे ती उद्योगजगतात रूढ झाली. पुढील दीड दशक हा व्यवसाय प्रामुख्याने स्वतंत्र कंपन्यांचा होता. पॅरिसमध्ये १९९० साली स्थापन झालेली बिझनेस ऑब्जेक्ट्स, कॅनडातील ओटावाची कॉग्नोस आणि कॅलिफोर्नियातील हायपेरियन ही त्यांतील ठळक नावे. ग्राहकाचा माहितीसाठा कोणत्याही कंपनीच्या प्रणालीत असो, त्यावरून अहवाल तयार करून देणे हा त्यांचा धंदा होता. ही तटस्थता हेच त्यांचे बळ होते.

२००७ या एका वर्षात चित्र पालटले. मार्चमध्ये ओरॅकलने सुमारे ३.३ अब्ज डॉलर मोजून हायपेरियन घेण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या सॅपने बिझनेस ऑब्जेक्ट्ससाठी सुमारे ६.८ अब्ज, तर नोव्हेंबरमध्ये आयबीएमने कॉग्नोससाठी सुमारे ५ अब्ज डॉलरचा सौदा केला. हायपेरियनची गंमत अशी, की तिच्या ग्राहकांत सॅपची प्रणाली वापरणाऱ्या हजारो कंपन्या होत्या. आपला हिशेब आपण प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर पाहत आहोत, हे त्यांना एका सकाळी कळले. ओरॅकलनेही ती बाब लपवली नाही, उलट मिरवली.

या उलाढालींची झळ छोट्या ग्राहकापर्यंत कशी पोहोचते, हे ‘क्रिस्टल रिपोर्ट्स’च्या प्रवासावरून समजते. कॅनडातील व्हँकुव्हर येथे जन्मलेले हे साधन मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल बेसिक’सोबत मिळत असे. त्यामुळे पतसंस्था, खतविक्रेते, दवाखाने यांच्यासाठी गावोगावच्या संगणक व्यावसायिकांनी तयार केलेल्या कित्येक प्रणालींत बिले आणि अहवाल छापण्याचे काम त्याच्याकडे आले. १९९४ मध्ये ते सीगेटकडे गेले, २००३ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे आणि तिच्यासोबत सॅपकडे. बिल छापणाऱ्याला यातले काहीच दिसले नाही. मात्र ‘व्हिज्युअल स्टुडिओ २०१०’ पासून हे साधन सोबत मिळणे बंद झाले. सॅपकडून ते वेगळे उतरवून घेणे भाग पडले. ज्यांचा मूळ प्रोग्रामर गाव सोडून गेला होता, त्यांनी नव्या संगणकावर जुने अहवाल कसे चालवायचे?

दुसरी लाट २०१९ ची. त्या वर्षीच्या जूनमध्ये काही दिवसांच्या अंतराने गुगलने लुकर ही कंपनी २.६ अब्ज, तर सेल्सफोर्सने टॅब्लो १५.७ अब्ज डॉलरना घेण्याची घोषणा केली. टॅब्लोची एकटीची किंमत २००७ च्या तिन्ही सौद्यांच्या बेरजेहून अधिक भरते. क्लिक ही कंपनी २०१६ मध्येच थोमा ब्राव्हो या गुंतवणूक संस्थेकडे गेली होती. खासगी मालकीत स्वतंत्र राहिलेल्यांत सॅस ही अमेरिकी कंपनी मोठी. तिचे एक संशोधन केंद्र पुण्यात आहे. मायक्रोस्ट्रॅटेजीही विकली गेली नाही. तथापि २०२० पासून तिने बिटकॉइन खरेदीचा असा सपाटा लावला, की तिच्या मूळ व्यवसायाचा अनेकांना विसर पडला.

मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. २०१५ मध्ये आलेल्या ‘पॉवर बीआय’चा दर प्रतिव्यक्ती दरमहा ९.९९ डॉलर इतका कमी ठेवून तिने लाखो रुपयांच्या परवान्यांची सद्दी संपवली. लहान संस्थांच्या आवाक्यात ही साधने आली ती तेव्हापासून. अर्थात, बस्तान बसल्यावर एप्रिल २०२५ मध्ये तोच दर १४ डॉलर झाला. शंभर वापरकर्त्यांच्या संस्थेला महिन्याला चारशे डॉलरचा वाढीव भार पडला आणि अहवाल एकदा त्या साधनात बांधले, की ते अन्यत्र हलवणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून काम करणे होय.

वसमत परिसरातील साखर कारखाना, बाजार समित्या, परभणी व हिंगोली या दोन्ही जिल्ह्यांना सेवा देणारी मध्यवर्ती सहकारी बँक, अशा संस्थांकडे सभासदांच्या अनेक दशकांच्या नोंदी असतात. अशी कोणतीही संस्था हे साधन घेईल तेव्हा दरपत्रकापेक्षा करारातील दोन कलमे अधिक बारकाईने पाहावी लागतील. करार संपल्यावर मूळ माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे एक. आणि सरासरी दर किंवा थकबाकी काढण्याची सूत्रे लिखित स्वरूपात संस्थेकडे राहतील का, हे दुसरे. अपाची सुपरसेट, मेटाबेस यांसारखी मुक्तस्रोत साधने परवाना शुल्काविना मिळतात. मात्र ती बसवून चालू ठेवणाऱ्या जाणकाराचा पगार संस्थेला द्यावाच लागतो.