फियाट-पद्मिनी : मूळ रूपातला जीर्णोद्धार

इटलीतल्या फियाट ११०० डी या मोटारीचा भारतीय अवतार. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती बनवली. आधी ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’, आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. इंजिन १०८९ सीसीचे पेट्रोल, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, मागे पाटे, चारही चाकांना ड्रमब्रेक. कागदावर नाव काहीही असो, नांदेड-लातूरकडे ती फियाटच.

जीर्णोद्धार म्हणजे गाडी चकचकीत करणे, हा समज मोटारींचे जितके वाटोळे करतो तितके गंजही करत नाही. दगडी मंदिराला ऑइलपेंट फासावा तसलाच हा प्रकार. फियाटच्याच जन्मगावाचे नाव असलेली तुरिन सनद नेमके उलटे सांगते. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाची (स्थापना १९६६) ही सनद. जुना भाग शक्यतो दुरुस्त करून ठेवावा, बदललाच तर नव्या भागावर खूण करावी आणि केलेले प्रत्येक काम लिहून ठेवावे.

जिल्ह्याच्या ठिकाणचा मिस्त्री वेगळ्या शाळेत शिकलेला असतो. गाडी चालली पाहिजे, हा त्याचा धर्म. सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर डुको मारायचा, पेट्रोल परवडेना तर डिझेल इंजिन बसवायचे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जुगाडामुळेच कित्येक फियाट भंगारात जायच्या वाचल्या. मात्र डिझेल दिसले की गाडी बाटली, असेही धरू नये. नव्वदच्या दशकात कारखान्यानेच डिझेल पद्मिनी काढली होती. आधी आरसी बुक वाचावे, मग इंजिन आणि चासीवरचे ठोकीव क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावेत.

कागदांचा घोळ नांदेड-लातूरकडे जास्त. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, त्यामुळे लातूरच्या वाड्यात उभी असलेली त्याआधीची गाडी कागदावर बहुधा उस्मानाबादची निघते. एमएच-२४ (लातूर) किंवा एमएच-२६ (नांदेड) हे क्रमांक तर १९८९ नंतरचे. सत्तरच्या दशकातल्या गाडीवर ते दिसले, तर मधल्या काळातली नोंद शोधणे आले.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

इथल्या हवेचा हिशेब दुहेरी आहे. समुद्र दूर असल्याने मुंबईच्या मानाने पत्रा टिकतो. पण उन्हाळ्यात रेग्झिन तडकते, दारांचे रबर कडक होते, आणि मडगार्डच्या आत चिकटलेली काळी माती ओल धरून गंज वाढवते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. मराठवाड्यातल्या उसापासूनही बनणारे हे इथेनॉल कार्ब्युरेटरची जुनी गॅस्केटे आणि रबरी नळ्या खराब करते. तेवढे भाग नव्या रबराचे घेणे भागच आहे.

सुट्या भागांसाठी वाट कुर्ल्याचीच, सीएसटी रोडच्या जुन्या बाजाराची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. तिच्या आधी मोडीत निघालेल्या टॅक्सीचा दरवाजा पांढऱ्या गाडीला लावला, तर खरवडल्यावर खाली काळा-पिवळा रंग लागतो. दरवाजा खराच पद्मिनीचा. पण या गाडीचा नव्हे, आणि कामाच्या नोंदवहीत तसे लिहावे लागते.