चुकलेलं खोकं

शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी चालू होती. वस्तुचित्राच्या तासाला सरांनी टेबलावर एक लाकडी खोकं ठेवलं. मी मन लावून ते काढलं. मागची कड पुढच्या कडेएवढीच लांब, बाजूच्या रेषा रुळांसारख्या समांतर. सरांनी लाल पेन्सिलीनं फुली मारली आणि म्हणाले, "खोकं चुकलंय." काय चुकलं ते काही सांगितलं नाही. मी मोजून पाहिलं होतं, दोन्ही कडा सारख्याच होत्या! ती फुली मनात बरीच वर्षं राहिली.

निवृत्तीनंतर मी पुन्हा खोकी काढायला बसलो. सकाळचा चहा झाला की पाठकोऱ्या कागदांवर दहा खोकी. पट्टी नाही, खोडरबर नाही. काढता काढता प्रश्न पडला, हा नियम आला कुठून?

तो आला इटलीतल्या फ्लोरेन्स शहरातून. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकारानं तिथल्या अष्टकोनी बाप्टिस्टरीचं चित्र एका लहान फळीवर काढलं आणि फळीला भोक पाडलं. फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र पाहायचं. हे चित्र खऱ्या इमारतीशी हुबेहूब जुळे. मात्र अट एकच : डोळा एकच हवा आणि तो ठरलेल्या जागीच हवा. पुढे १४३५ मध्ये अल्बर्टीनं ही रीत ग्रंथात मांडली. पाहणाऱ्यापासून दूर जाणाऱ्या समांतर रेषा डोळ्याच्या उंचीवर एका बिंदूत मिळतात. म्हणून खोक्याची मागची कड आखूड दिसते. पाओलो उच्चेल्लो या चित्रकाराला तर या विद्येचं असं वेड लागलं, की बायकोनं हाका मारल्या तरी तो रात्री झोपायला जात नसे. ही गोष्ट वासारीनं लिहून ठेवली आहे. खरीखोटी कोण जाणे, पण आता मला ती पटते!

आपल्याकडे या रीतीचं शालेय शिक्षण इंग्रजी अमलात रुजलं. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर तिथे घनाकृती आणि प्लास्टरचे नमुने समोर ठेवून रेखाटन शिकवलं जाई. पुढे शासकीय रेखाकला परीक्षांबरोबर ते खोकं गावोगावच्या शाळांतल्या टेबलांवर जाऊन बसलं.

गंमत पाहा. याच जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या भिंतींवरचे मंडप आणि आसनं एका डोळ्याचा नियम पाळत नाहीत. आपल्या लघुचित्रांतही चौरंग वरून पाहिल्यासारखा दिसतो आणि त्यावर बसलेला माणूस बाजूनं. त्या चित्रकारांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण वस्तू इथून कशी दिसते यापेक्षा ती कशी आहे, हे त्यांना सांगायचं होतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १८२२ मध्ये केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी यंत्रांच्या चित्रांसाठी आयसोमेट्रिक पद्धत मांडली. तिच्यात समांतर रेषा समांतरच राहतात, कारण कारागिराला चित्रावरून माप घ्यायचं असतं. म्हणजे माझं खोकं कारखान्यात चाललं असतं, वस्तुचित्राच्या तासाला नाही!

याचा अर्थ सर चुकले असा नाही. टेबलावरचं खोकं समोरून पाहून काढायचं होतं आणि मी ते न पाहता, माहीत होतं तसं काढलं होतं. मला राग फुलीचा नव्हता, न सांगण्याचा होता. "तू कुठे बसून पाहतोयस?" एवढं विचारलं असतं, तरी पुरे होतं.

परवा नातीनं घर काढलं. पुढची भिंत दिसत होती आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीही. माझा हात पेन्सिलीकडे गेला होता. मग काडेपेटी टेबलावर ठेवली, तिला म्हटलं, "एक डोळा मीट आणि सांग, किती बाजू दिसतात?" तिनं पाहिलं, मान तिरकी केली, पुन्हा पाहिलं. "आजोबा, मी हलले की बदलतात," ती म्हणाली.

मग आम्ही दोघांनी मिळून ती काडेपेटी दहा वेळा काढली.