मुदतीपूर्वीची निवृत्ती : हैदराबादचा अनुभव

पन्नाशी गाठण्यापूर्वीच नोकरीतून मोकळे व्हावे आणि उरलेले आयुष्य आपल्या आवडीच्या कामात घालवावे, ही इच्छा आजच्या नोकरदार तरुणांत बरीच प्रबळ झालेली दिसते. हैदराबादेस माधापूर, गच्चीबावली या भागांतील संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्यांत काम करणारी मंडळी पस्तिशीतच तिचा हिशेब मांडू लागतात. इच्छा नवी असली, तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे. नोकरीचे किंवा वतनाचे उत्पन्न थांबल्यावर माणसाने कशावर जगावे? या प्रश्नाचे उत्तर हैदराबादच्या रहिवाशांना गेल्या दोनशे वर्षांत निदान चार वेळा शोधावे लागले, आणि चारही वेळा ते अचानक शोधावे लागले. मुदतीपूर्वीची निवृत्ती काही जण स्वतः निवडतात, काहींवर ती लादली जाते. या दोन्ही प्रसंगी उपयोगी पडणारी तयारी मात्र एकच असते. हैदराबादचा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

पहिला प्रसंग विल्यम पामर याच्या पेढीचा. याचे वडील जनरल पामर हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे रेसिडेंट होते. मुलाने निजामाच्या सैन्यात नोकरी धरली. पण ऐन उमेदीत ती सोडून तो व्यापारात शिरला आणि १८१४ च्या सुमारास त्याने हैदराबादेत पेढी काढली. त्या काळी इंग्रज प्रजाजनांना हिंदी संस्थानिकांना कर्ज देण्याची मनाई होती. परंतु १८१६ साली गव्हर्नर जनरलने या पेढीस खास परवानगी दिली, आणि पेढीचे भाग्य उजळले. राज्यकारभाराची सूत्रे त्या वेळी चंदूलालच्या हाती होती, आणि दरबाराची तिजोरी नेहमीच रिकामी असे. बेरारच्या फौजेचा पगार औरंगाबादेस भागवावयाचा तो पेढीने, आणि त्याबदली पेढीस मिळावयाच्या त्या महसुलावरील वराता, अशी व्यवस्था ठरली. १८२० साली तर साठ लाखांचे कर्ज एका खेपेस मंजूर झाले. दरबाराकडून पेढी शेकडा चोवीसच्या घरात व्याज घेई, आणि आपल्या ठेवीदारांना शेकडा बारापर्यंत देई.

हे बारा टक्के अनेकांच्या मनात भरले. लष्करी अधिकाऱ्यांनी आणि इतर नोकरदारांनी आपल्या कमाईचा मोठा भाग पेढीत ठेवला. पुंजी दुप्पट होण्यास या दराने सहा वर्षे पुरत. तेव्हा लवकर नोकरी सोडावी आणि व्याजावर सुखाने राहावे, असा बेत कोणाच्याही मनात सहज यावा. परंतु पेढीची सारी भिस्त एका ऋणकोवर होती, आणि त्या ऋणकोस कर्ज देण्याची मुभा एका परवान्यावर अवलंबून होती. १८२० च्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. राज्य व्याजाखाली दबून चालले आहे, हे त्याच्या ध्यानी आले. पुढे कंपनी सरकारने निजामाचे पेढीकडील कर्ज परस्पर भागवले, आणि त्याबदल्यात उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामास द्यावयाच्या वार्षिक सात लाखांच्या रकमेतून स्वतःची सुटका करून घेतली. दरबाराशी पेढीचा व्यवहार बंद झाला, लोकांचा विश्वास उडाला आणि १८२४ साली पेढीचे दिवाळे वाजले. पामर त्यानंतर त्रेचाळीस वर्षे हैदराबादेतच जगला. १८६७ साली त्याचा मृत्यू झाला. ज्यांनी आपली सारी शिल्लक त्याच्या हाती दिली होती, त्यांना आपले म्हातारपणाचे बेत पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले.

या प्रसंगातून जो पहिला धडा मिळतो तो व्याजाच्या दराविषयी आहे. बाजारात सामान्यतः मिळते त्याहून अधिक व्याज जो देऊ करतो, तो आपल्या पैशावर कोणती तरी जोखीम घेत असतो. ती कोणती, हे ठेवीदाराने विचारले पाहिजे. पामरच्या ठेवीदारांपैकी किती जणांनी तो प्रश्न विचारला असेल?

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र याच शहरात एक शहाणपणाची व्यवस्था उभी राहिली. १९०७ साली निजाम सरकारने आपल्या नोकरांसाठी एक निधी स्थापन केला, आणि पुढे त्याचे रूपांतर सक्तीच्या आयुर्विम्यात झाले. पगार हाती पडण्यापूर्वीच त्यातून विम्याचा हप्ता कापला जाई. कारकून असो वा शिक्षक, बचत करावी की न करावी हा प्रश्न त्याच्यापुढे दरमहा उभाच राहत नसे. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण सर्वांना पाठ असते. पण थेंब अडवण्याची सोय सर्वांपाशी नसते. या निधीने ती सोय करून दिली. पुढे राज्ये बदलली, नकाशे बदलले, तरी हा सरकारी विमा आजही दोन्ही तेलुगू राज्यांतील नोकरांच्या पगारातून कापला जातो. आरंभी संचय करण्यासाठी फार मोठ्या उत्पन्नाची गरज नसते. खर्चाआधी शिल्लक बाजूला पडावी, एवढीच गरज असते.

त्याच काळात मराठवाड्यातून हैदराबादेस नोकरीसाठी आलेल्या मंडळींना एक निराळा हिशेबही अंगवळणी पडला होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. या राज्यात निजामाचा हाली सिक्का चाले, आणि सरहद्दीपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया. शंभर कलदार रुपयांस सुमारे ११६ ते ११७ हाली रुपये मोजावे लागत. म्हणून पगार शंभर रुपये असे कोणी सांगितले, की ऐकणारा लगेच विचारी : हाली की कलदार? विलीनीकरणानंतर १९५० च्या दशकात हाली सिक्का व्यवहारातून हळूहळू नाहीसा झाला. पण त्या पिढीची ही सवय आजच्या माणसाने उचलण्यासारखी आहे. आजचा रुपया आणि पंचवीस वर्षांनंतरचा रुपया यांचे नाव एकच असले, तरी ती दोन नाणी आहेत. निवृत्तीसाठी अमुक लाख जमवले, असे म्हणणाऱ्याने ते कोणत्या सालच्या रुपयांत, हे आधी सांगितले पाहिजे.

दुसरा प्रसंग जहागीरदारांचा. हैदराबाद राज्याच्या सुमारे एकतृतीयांश प्रदेशात जहागिरी पसरल्या होत्या. जहागीरदार हा जणू जन्मतःच निवृत्त झालेला मनुष्य. त्याने कष्ट केले नाहीत तरी गावांचा वसूल घरी येई. हवेल्या, नोकरचाकर, लग्नसमारंभ, मेजवान्या हे सर्व त्या वसुलावर चाले, आणि वसूल कधी थांबेल ही शंकाही कित्येकांच्या मनास शिवली नसेल. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द करण्याचा कायदा अमलात आला. रयतेच्या दृष्टीने तो न्यायच होता. जहागीरदारांना पुढे ठराविक वर्षे हप्त्यांनी मोबदला मिळाला. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला खर्चाचा इतमाम त्या हप्त्यांत बसणारा नव्हता. ज्यांनी मुलांना वकिली, डॉक्टरी किंवा इंजिनियरी शिकवली होती, ती घरे सावरली. ज्यांनी केवळ वसूल खाल्ला, त्यांच्या घरातील चीजवस्तू हळूहळू बाजारात गेल्या. उत्पन्न आणि संपत्ती यांत फरक आहे. उत्पन्न दुसऱ्याच्या हुकमाने थांबू शकते; आपल्या नावावर राहते ती संपत्ती, आणि आपल्या अंगी राहते ती विद्या.

तिसरा प्रसंग सरकारी नोकरांवरचा. फेब्रुवारी १९८३ मध्ये आंध्र प्रदेशात नंदमूरि तारक रामाराव यांच्या नव्या सरकारने सेवानिवृत्तीचे वय ५८ वरून ५५ वर आणले. तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात, हे त्यामागचे एक कारण सांगण्यात आले. ज्यांची पंचावन्न वर्षे आधीच पूर्ण झाली होती, ते सर्व २८ फेब्रुवारी १९८३ रोजी एकाच दिवशी सेवामुक्त झाले. अठरा हजारांहून अधिक सरकारी नोकर आणि सार्वजनिक संस्थांतील सुमारे दहा हजार कर्मचारी त्यांत होते. राजधानी हैदराबादच्या कचेऱ्यांत तर ही उलथापालथ टेबलाटेबलावर जाणवली असेल. या वयात मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने आणि घराचे कर्ज ही सर्व ओझी माणसाच्या अंगावर एकाच वेळी असतात. तीन वर्षांचा पगार गृहीत धरून आखलेले बेत तीन आठवड्यांत बदलावे लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे जानेवारी १९८५ मध्ये सरकारचा असा निर्णय घेण्याचा अधिकार मान्य झाला. त्यापूर्वीच, १९८४ साली, वयोमर्यादा पुन्हा ५८ करण्यात आली होती. त्यानंतर तेलंगणा राज्याने २०२१ साली हीच मर्यादा ६१ केली. म्हणजे एकाच शहरात, एकाच प्रकारच्या नोकरीत, निवृत्तीचे वय सरकारच्या मर्जीनुसार मागेपुढे झाले. आपल्या आयुष्याचा हिशेब केवळ त्या आकड्यावर बांधणे किती धोक्याचे असते, ते यावरून दिसते.

१९८३ च्या त्या नोकरांस एक आधार होता. त्यांना पेन्शन होते. जहागीरदारांप्रमाणे त्यांचे उत्पन्न समूळ आटले नाही. परंतु १ सप्टेंबर २००४ पासून आंध्र प्रदेश सरकारच्या सेवेत रुजू होणाऱ्यांसाठी ते जुने पेन्शन बंद झाले. नोकराने आणि सरकारने दरमहा आपापला वाटा भरावा, तो बाजारात गुंतवावा, आणि शेवटी जे जमेल त्यातून म्हातारपण काढावे, अशी पद्धत आली. खाजगी नोकरीत तर पेन्शनची हमी पूर्वीही क्वचितच असे. निवृत्तीची चिंता मालकाच्या खांद्यावरून नोकराच्या खांद्यावर आली, ती अशी.

याच सुमारास हैदराबाद संगणकाच्या धंद्याचे मोठे ठाणे बनत होते. १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, आणि देशभरातून तरुण येथे आले. त्यांत मराठी तरुणही होतेच. पगार मोठे, शिवाय पगाराबरोबर कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क. ज्या कंपनीत काम, तिचेच शेअर, आणि शेअरचा भाव चढता. मग आणखी गुंतवणूक कशाला, असे वाटणे स्वाभाविक होते. पूर्वसूचना म्हणावी अशी एक घटना २००४ साली घडली होती. सिकंदराबादेतील ग्लोबल ट्रस्ट बँकेवर जुलैमध्ये निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली. ठेवीदारांचा पैसा वाचला. भागधारकांच्या हाती मात्र काहीच आले नाही. एकाच संस्थेत ठेव ठेवणारा आणि तिचा शेअर घेणारा यांच्या जोखमीत किती अंतर असते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

चौथा प्रसंग सत्यम कॉम्प्युटर्सचा. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की हिशेबात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. त्या एका दिवसात शेअरचा भाव पाऊण हिश्शाहून अधिक कोसळला. कंपनीचे सुमारे पन्नास हजार कर्मचारी होते. ज्यांची शिल्लक त्याच शेअरात होती, त्यांचा पगार आणि पुंजी ही दोन्ही एकाच सकाळी संकटात आली. पुढे टेक महिंद्रने कंपनी घेतली, पुष्कळांच्या नोकऱ्या टिकल्या, आणि २०१५ साली हैदराबादच्या न्यायालयाने राजू व इतर नऊ जणांस शिक्षा सुनावली. पण विरघळलेली पुंजी न्यायनिवाड्याने परत येत नसते.

पामरची पेढी आणि सत्यम यांच्यात १८५ वर्षांचे अंतर आहे. तरीही दोन्हीकडे चूक एकच झाली. घराचा सारा भार एकाच खांबावर टाकला गेला. ज्या घरातून पगार येतो, त्याच घरात आयुष्याची शिल्लक ठेवू नये, हा नियम या शहराने दोनदा फार महाग विकत घेतला आहे.

आता लवकर निवृत्त होऊ इच्छिणाऱ्याने हिशेब कसा करावा? अमेरिकेतील विल्यम बेंगेन या सल्लागाराने १९९४ साली एक अंदाज मांडला. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के रक्कम खर्चास घ्यावी, आणि पुढे महागाईनुसार ती वाढवत जावी. म्हणजे पुंजी तीस वर्षे पुरते. याचा अर्थ वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी. दरमहा चाळीस हजार खर्च असलेल्या कुटुंबास वर्षाला चार लाख ऐंशी हजार लागतात; त्याची पंचवीसपट एक कोटी वीस लाख. परंतु हा अंदाज अमेरिकेच्या बाजारावरून आणि तीस वर्षांसाठी काढलेला आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्यास चाळीस वर्षांची सोय करावी लागते, आणि आपल्याकडे महागाईही अधिक. वर्षाला सहा टक्क्यांनी भाव वाढले, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे चाळीस हजार सत्तावन्नाव्या वर्षी ऐंशी हजार होतात, आणि एकोणसत्तराव्या वर्षी एक लाख साठ हजार. हाली-कलदारचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. म्हणून पंचवीसपटीवर न थांबता त्याहून मोठी पुंजी धरणे शहाणपणाचे ठरेल.

ही पुंजी कोठे ठेवावी, हे हैदराबादच्या अनुभवावरून ठरवता येते. काही भाग भविष्य निर्वाह निधीत आणि १९६८ पासून चालत आलेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत असावा. काही भाग बँकेच्या ठेवीत असावा. आणि एका बँकेतील पाच लाखांपर्यंतच्याच ठेवीस विम्याचे संरक्षण असते, ही मर्यादा २०२० पासूनची आहे, हे ध्यानात ठेवावे. महागाईस तोंड देण्यासाठी काही भाग अनेक कंपन्यांच्या शेअरांत विभागलेला असावा. आजारपणाचा विमा नोकरीवर अवलंबून नसलेला, स्वतःच्या नावाचा असावा. आणि वर्ष-दोन वर्षांचा खर्च हाताशी असावा, म्हणजे बाजार पडला असता पुंजी मोडावी लागत नाही.

या सर्व तयारीचा लाभ केवळ स्वेच्छेने लवकर निवृत्त होणाऱ्यासच होतो असे नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी मोकळे होण्याचा बेत करून कित्येक जण पुढे साठीपर्यंत आनंदाने काम करतील. परंतु कधी पेढी बुडेल, कधी कायदा बदलेल, कधी वयोमर्यादा खाली येईल, कधी कंपनीचे हिशेब खोटे निघतील, हे कोणाच्या हाती नसते. ज्याने अंथरूण पाहून पाय पसरले आणि शिल्लक अनेक ठिकाणी राखली, त्याला त्या दिवशी घरी येऊन बायकामुलांना एवढे तरी सांगता येते, की या महिन्याचे आणि पुढच्या वर्षाचे रेशन भरलेले आहे. १८२४ साली, १९४९ साली, १९८३ साली आणि २००९ साली हैदराबादेतील कित्येक घरांत हेच एक वाक्य बोलता आले नाही.