१२ गॅलनचं भांडं आणि तळघरातली टाकी

प्रयोगासाठी माशांची टाकी बनवून घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, टाकी केवढी हवी? जास्तीचं पाणी कुठून आणि कसं सांडणार, हा दुसरा प्रश्न बरेच जण काचवाल्यावर सोडून देतात. खरं तर दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. ते कसे अडकले ते समजून घ्यायला १८५० च्या लंडनमध्ये जावं लागतं.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा तिथल्या अपॉथेकरीज हॉलमधला रसायनतज्ज्ञ. त्याने सुमारे १२ गॅलनच्या, म्हणजे साधारण ५४ लिटर पाणी मावेल अशा काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं ठेवली. हिशेब सरळ होता: मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देतील. पण जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि भांडं सावरलं. हे काम त्याने १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झालं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. लोकांनी ‘समतोल’ हा शब्द उचलला, पण प्रमाण विसरले. एवढ्या मोठ्या भांड्यात मासे फक्त दोन होते, ही गोष्ट मागे पडली.

विल्यम अल्फर्ड लॉइड मूळचा बुकबाइंडर. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मत्स्यालय त्याच्या देखरेखीखाली १८७१ मध्ये उघडलं. त्याचा विचार वेगळा होता. प्रेक्षकांना दिसतं ते पाणी थोडंच असू द्या, खरा साठा खाली अंधारात ठेवा. प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कित्येक पटींनी मोठी टाकी जमिनीखाली होती. वाफेवर चालणारे पंप पाणी वर चढवत आणि ते सांडत सांडत परत खाली येई. आपण आज ज्याला संप म्हणतो, त्याचा हा थोरला पूर्वज. पाण्याचं आकारमान वाढलं की घाण विरळ होते, तापमान सावकाश बदलतं. म्हणजे टाकी ‘केवढी’ याचं उत्तर समोरच्या काचेत नाही, सगळ्या यंत्रणेतल्या एकूण पाण्यात आहे.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक गोष्ट नव्हती: मासे कल्ल्यांतून अमोनियाही सोडतात. नायट्रीकरण हे जिवाणूंचं काम आहे, असं श्लोसिंग आणि म्यून्ट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवलं. त्यानंतर अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं, या दोन पायऱ्यांवर रॉथमस्टेडला शेतजमिनीच्या संदर्भात काम करणाऱ्यांत एक नाव होतं रॉबर्ट वॉरिंग्टन. तोच नव्हे, त्याचा मुलगा! बापाच्या भांड्यातलं राहिलेलं अर्धं गणित मुलाने मातीत सोडवलं.

आता सांडव्याकडे येऊ. अमेरिकेत लॉवेलला जेम्स फ्रान्सिसने कालव्यांवर प्रयोग करून १८५५ मध्ये सांडव्याचं सूत्र छापलं. मीटरमध्ये ते साधारण असं: प्रवाह = १.८४ × सांडव्याची लांबी × (पाण्याची उंची)^१.५. समजा तुमची टाकी १.२ मीटर लांब, ०.५ मीटर रुंद आणि पंप तासाला ३००० लिटरचा. सांडवा ४० सेंमी ठेवला तर पाणी काठावर सुमारे ११ मिमी चढतं, २० सेंमी ठेवला तर सुमारे १७ मिमी. किरकोळ वाटतं ना? पण वीज गेली की काठावरचं हे सगळं पाणी खाली येतं: पहिल्या रचनेत साडेसहा लिटर, दुसरीत दहाच्या वर. पाइपातलं पाणी वेगळंच. तेवढी रिकामी जागा संपमध्ये नसेल तर सकाळी लॅबमध्ये फरशी ओली. शिवाय सांडवा लांब असला की पाण्यावरचा तेलकट थर पातळ पदरासारखा ओढला जातो. तो थर हटला की हवेची देवाणघेवाण नीट होते.

आणि आता संशोधकासाठी सगळ्यात महत्त्वाचं. लॉइडची रचना माशांना मानवते, आकडेवारीला नाही. समजा एका संपवर बारा टाक्या जोडल्या आणि त्याच पाण्यात औषध मिसळलं. मग तुमचा n बारा नाही, एक आहे. कारण पाणी एकच! स्टुअर्ट हर्लबर्ट याने १९८४ मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं. उपचार पाण्यातून द्यायचा असेल तर वॉरिंग्टनसारखी सुटी भांडी घ्या, मासे कमी ठेवा आणि प्रत्येकाला स्वतःचा फिल्टर द्या. उपचार पाण्यातून नसेल, म्हणजे समजा प्रत्येक टाकीचं खाद्य वेगळं असेल, तरी सामाईक संपमधून काय काय एका टाकीतून दुसरीत जाऊ शकतं याची यादी आधी करा.

म्हणून काचवाल्याकडे जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: एकूण पाणी, पंपाचा प्रवाह, सांडव्याची लांबी, आणि कोणत्या टाकीचं पाणी कोणत्या टाकीला भेटतं. चौथी ओळ गाइडला दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.