भाडेकरूसह घराची विक्री : कायद्याच्या इतिहासातील एक प्रश्न

कराडला लागून, पुणे-बंगळूरू महामार्गावर वसलेल्या मलकापूरमध्ये १९८४ साली कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थी व नोकरदारांना खोल्या भाड्याने देण्याची प्रथा अशा गावांत सहज रुजते. यथावकाश असे घर विक्रीस निघते, तेव्हा आत राहणाऱ्याचे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर १८८२ सालच्या दोन कायद्यांत शोधावे लागते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ नुसार खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. विक्रीने भाडेपट्टा संपत नाही. विक्रीपूर्वीची थकबाकी मात्र खरेदीदारास आपोआप मिळत नाही. याउलट, १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झालेल्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५९ नुसार मालकाने दिलेली निव्वळ परवानगी, म्हणजेच लायसन्स, खरेदीदारावर बंधनकारक नसते. एकाच खोलीतील माणसाचे भवितव्य कागदावरील एका शब्दावर अवलंबून राहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने या फरकास मोल आणले. १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा आधार घेतल्यामुळे भाडी गोठली. परिणामी भरलेले घर आणि रिकामे घर यांच्या किमतींत मोठी तफावत पडली; मालकी एका बाजारात व ताबा दुसऱ्या बाजारात विकला जाऊ लागला. पागडी घेणे गुन्हा होता, तरीही ती चालली. पुष्कळ मालक लायसन्सकडे वळले. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यापूर्वी ‘परवानगीवाला’ समजून घर घेतलेल्या खरेदीदारास हा मोठाच धक्का होता.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने भाड्यात वार्षिक ४ टक्के वाढ मान्य केली व पागडीही वैध ठरविली. स्वतःच्या राहण्यासाठी जागा हवी असल्यास खरेदीदारास खरी गरज सिद्ध करावी लागते. त्यातही अधिक हालअपेष्टा कोणाच्या, हे न्यायालय तोलून पाहते. कलम ५५ ने लेखी व नोंदणीकृत करार बंधनकारक करून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हा कायदा जेथे लागू आहे तेथे, केवळ वहीत भाडे मांडून ठेवणाऱ्या मालकाकडून घर घेणारा खरेदीदार ही पोकळीही सोबत विकत घेतो.