इफलंड, रिअ‍ॅनन
इफलंड, रिअ‍ॅनन : (१९९१– ). ऑस्ट्रेलियाच्या विश्वविजेत्या अतिउंच सूरपटू. त्या न्यू साउथ वेल्समधील लेक मॅक्वारी परिसरातल्या. हवेतील गिरक्यांचा पाया ट्रॅम्पोलीनवर (पहा : जिम्नॅस्टिक्स) घातला गेला, पुढे प्रवासी जहाजांवरील खेळांत त्यांनी सूर मारले. २०१६ मध्ये विशेष प्रवेशावर रेड बुल क्लिफ डायव्हिंग मालिकेत उतरून त्यांनी पहिल्याच वर्षी विजेतेपद जिंकले.

जागतिक स्पर्धेत महिलांचा मंच २० मी., पुरुषांचा २७ मी. उंच असतो. जेमतेम दोन सेकंदांत कोलांट्या आणि वळसे पूर्ण करून ताशी सुमारे ७० किमी. वेगाने पाण्यात शिरायचे, तेही पाय खाली ठेवून. या वेगात डोके आधी गेल्यास मानेला गंभीर इजा संभवते (पहा : सूर मारणे).

बूडापेस्ट (२०१७), ग्वांगजू (२०१९), फुकुओका (२०२३), दोहा (२०२४) व सिंगापूर (२०२५) येथे त्या सलग पाच वेळा विश्वविजेत्या ठरल्या. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार अद्याप नाही.